मुलाच्या पोटात गाठ लागली तर: सोनोग्राफी, सीटी, एमआरआय कधी, कुठे आणि कसं करून घ्यायचं

बहुतेक वेळा ही गाठ आधी आईच्याच हाताला लागते. आंघोळ घालताना, तेल लावताना, चड्डीचं इलॅस्टिक एकदम घट्ट का होतंय म्हणून बघताना. पोरगं खेळतंय, जेवतंय, ताप नाही, दुखत नाही, म्हणून आठवडा तसाच जातो, मग डॉक्टर पोटाला हात लावतात, जरा गप्प होतात आणि सोनोग्राफी लिहून देतात. तिथून पुढे काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, कुठे थांबायचं यासाठी हे लिहितोय. मी रेडिओलॉजीत आहे, आणि आईबाबांना एकच गोष्ट सांगून सांगून तोंड दुखलंय: सोनोग्राफी आजच्या आज करा, सीटीची मात्र घाई करू नका. सीटी असो नाहीतर एमआरआय, तो एकदाच व्हायला पाहिजे, नीट व्हायला पाहिजे, आणि जिथे पोराचा उपचार होणार आहे तिथल्या डॉक्टरांना विचारून व्हायला पाहिजे.

आधी काय करायचं नाही ते. पोट दाबून बघणं बंद. आत्या, मामा, शेजारच्या काकू, प्रत्येकाला "इथे बघा, लागतंय ना" करून दाखवू नका. किडनीच्या गाठीवरचं आवरण पातळ असतं, जोरात दाबलं किंवा पोरगं पोटावर आपटलं तर ती आत फुटून रक्त जाऊ शकतं, आणि फुटलेल्या गाठीचा उपचार जास्त कडक होतो. पोट चोळणारी बाई, मालिश, गरम लेप हेही नको. पोट फुगलं म्हणून बाळाच्या पोटावर चटके दिल्याच्या बातम्या मेळघाटातून अजून अधूनमधून येतात, तो प्रकार तर नकोच नको. आणि पोरगं अचानक पांढरंफटक पडलं, पोट बघता बघता फुगलं, पाय लुळे पडल्यासारखे वाटले किंवा लघवी अडली, तर वाचत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

प्रत्येक गाठ कॅन्सर नसते

पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये मेसेंटेरिक लिम्फ नोड्स, म्हणजे आतड्याच्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी, असं आलं, की घरात रडारड सुरू होते, कारण कोणीतरी "पोटात गाठी निघाल्यात" असं सांगून मोकळं होतं. अहो, या ग्रंथी सगळ्याच मुलांच्या पोटात असतात, सर्दी-जुलाब झाले की थोड्या सुजतात, आडव्या मापात साधारण ८ मिमीपर्यंत असतील आणि पोरगं एरवी बरं असेल तर त्यासाठी सीटी करायचं काही कारण नाही. त्या मोठ्या असतील, एकमेकींना चिकटून झुपके झाले असतील, सोबत रोज ताप आणि वजन उतरत असेल, तर आपल्याकडे टीबीचा विचार आधी होतो, आणि तोही डॉक्टर करतील.

हाताला लागणाऱ्या गोष्टींतही बरंच काही साधं निघतं. नवजात बाळाच्या पोटात गोळा लागला तर सगळ्यात जास्त वेळा ती लघवी तुंबून फुगलेली किडनी असते. मोठ्या मुलांमध्ये साठलेली शी, भरलेली लघवीची पिशवी, मलेरिया किंवा थॅलेसेमियाने वाढलेली पाणथरी, लिव्हरमधला पू, आतड्याच्या पडद्यातली पाण्याची गाठ. हे सगळं सोनोग्राफीत १०-१५ मिनिटांत वेगळं काढता येतं, म्हणूनच ती पहिली. रेडिएशन नाही, भूल नाही, सुई नाही.

सोनोग्राफीला जाताना

शक्य असेल तर लहान मुलांची सोनोग्राफी नेहमी करणारे डॉक्टर शोधा, मशीन किती महाग आहे याने एवढा फरक पडत नाही जेवढा हाताने पडतो. तान्हं बाळ असेल तर एक फीड चुकवायचं, म्हणजे तीनेक तास, आणि बाटली किंवा आई तयार ठेवायची, प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, पोटावर असतानाच बाळाला पाजलं तरी आमची काही हरकत नसते, उलट बाळ शांत राहतं. मोठ्या मुलाला चार ते सहा तास उपाशी, पाणी चालतं, आणि लघवी भरलेली हवी. आता चार वर्षांच्या पोराला लघवी धरून ठेव म्हणणं हा विनोदच आहे, तर आत जायच्या अर्धा तास आधी पाणी पाजा आणि लघवीला लागली की लगेच सांगा, आम्ही खालचा भाग आधी बघून घेतो. रडणाऱ्या पोराच्या पोटात हवा जाते, हवेच्या पलीकडे सोनोग्राफीला दिसत नाही, त्यामुळे मोबाईलवर कार्टून लावायला इथे माझी पूर्ण परवानगी आहे.

खोलीत गेल्यावर "डॉक्टरांनी पाठवलंय" एवढंच सांगून गप्प बसू नका. लघवीत रक्त दिसलं होतं का, बीपी जास्त निघालं होतं का, पोरगं लंगडतंय किंवा रात्री पाय दुखतात म्हणून रडतं का, डोळ्यांभोवती न पडता-आपटता काळंनिळं झालंय का, डोळे इकडेतिकडे नाचल्यासारखे फिरतात का, एक हात-पाय दुसऱ्यापेक्षा जाड आहे का, डोळ्यातला रंगीत पडदा जन्मापासून नाही असं कोणी सांगितलंय का, बाळ खूप कमी दिवसांचं जन्मलं होतं का. हे ऐकायला फालतू वाटतं पण यातल्या प्रत्येक उत्तराने आमची शोधायची जागा बदलते.

रिपोर्ट हातात आला की "गाठ आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. गाठ कुठल्या अवयवातून निघालीये, तिन्ही बाजूंची मापं, भरीव आहे की पाण्याची, आत चुन्यासारखे कण आहेत का, दुसरी किडनी कशी आहे, लिव्हर स्वच्छ आहे का, किडनीच्या शिरेत किंवा पोटातल्या मोठ्या शिरेत गाठीचा तुकडा शिरलाय का, पोटात पाणी किंवा रक्त आहे का. शिरेचा भाग डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून बघतात, तो बघितलाय का हे नम्रपणे विचारा, कोणी रागावणार नाही, आणि रागावलं तर रागावू द्या.

वय आणि जागा यावरून अंदाज बांधला जातो

हा भाग जरा लांबतोय, पण तो समजला की पुढच्या सगळ्या तपासण्या का लिहिल्या जातात ते कळतं.

गाठ किडनीतूनच आलेली आहे आणि मूल एक ते पाच वर्षांचं आहे, तर पहिलं नाव विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांचा किडनीचा कॅन्सर. मॅक्स विल्म्स नावाच्या जर्मन सर्जनने १८९९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं म्हणून ते नाव. स्कॅनमध्ये गाठीच्या कडेला उरलेली किडनी पंजाने पकडल्यासारखी दिसते, आम्ही त्याला क्लॉ साइन म्हणतो, ती दिसली की गाठ किडनीचीच हे जवळजवळ पक्कं. ही गाठ शिरांना बाजूला ढकलते, कधीकधी शिरेच्या आत सरकते, पसरली तर आधी फुफ्फुसात जाते, आणि शंभरात पाच-दहा मुलांमध्ये दोन्ही किडन्यांत असते, म्हणून दुसरी किडनी बारकाईने बघायची असते. घाबरवणारं वाचून झालं असेल तर हेही वाचा, की योग्य उपचार वेळेत मिळाले तर यातली साधारण ९० टक्के मुलं बरी होतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र किडनीची भरीव गाठ बहुतेक वेळा वेगळ्या जातीची असते, मेसोब्लास्टिक नेफ्रोमा, ती बरीचशी निरुपद्रवी.

गाठ किडनीच्या वर, अॅड्रिनल ग्रंथीत किंवा मणक्याच्या कडेने आहे, किडनी खाली-बाहेर ढकलली गेलीये पण स्वतः शाबूत आहे, आत चुन्याचे कण आहेत, आणि पोरगं चिडचिडं, फिकट, हाडं दुखतात म्हणतंय, तर न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे नसांच्या कोवळ्या पेशींचा कॅन्सर. वय बहुतेक पाचच्या आत, बरीच मुलं दोनच्याही आत. विल्म्स शिरा ढकलतो, हा मात्र महाधमनीला आणि तिच्या फांद्यांना चारी बाजूंनी वेढून बसतो, पोटाची मधली रेषा ओलांडतो, मणक्याच्या छिद्रातून आत घुसू शकतो. कुठली शिर वेढली आहे, मणक्यात गेलाय का, यावर लगेच ऑपरेशन करायचं की आधी केमो द्यायची हे ठरतं, त्या मुद्द्यांची एक ठरलेली आंतरराष्ट्रीय यादी आहे आणि चांगल्या रिपोर्टमध्ये तिचा एकेक मुद्दा आहे किंवा नाही असा लिहिलेला असतो. लघवीतली व्हीएमए-एचव्हीए तपासणी (ही गाठ जे पदार्थ बनवते त्यांची) याच्यासाठी असते. गंमत अशी की अगदी तान्ह्या बाळातली अॅड्रिनलची लहान गाठ कधीकधी आपोआप विरते, त्यामुळे डॉक्टर नुसती सोनोग्राफी परत परत करू म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

लिव्हरमध्ये गाठ आणि वय तीनच्या आत, तर हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांचा लिव्हरचा कॅन्सर, आणि रक्तात एएफपी बघायचा, हे अशा गाठीत वाढणारं एक प्रथिन. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, नवजात बाळाचा एएफपी मुळातच प्रचंड असतो, हजारोंमध्ये, आणि मोठ्या माणसाच्या पातळीला यायला आठ महिने ते वर्ष लागतं, तेव्हा दोन महिन्यांच्या बाळाचा आकडा लॅबच्या छापील नॉर्मलशी लावून रात्रभर रडू नका, वयानुसारच्या तक्त्यात बघायला सांगा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात लिव्हरमधली गाठ रक्तवाहिन्यांची, म्हणजे हिमँजिओमासुद्धा असू शकते, तिचा रस्ता पूर्ण वेगळा.

आतड्याची जाड झालेली भिंत, पोटात पाणी, मूल चार-पाच वर्षांच्या पुढचं, आठवड्याभरात पोट वाढलं, किंवा मोठ्या वयात आतड्यात आतडं अडकलं, तर बर्किट लिम्फोमा (लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) डोक्यात यायला हवा. बालवयातल्या गाठींत सगळ्यात वेगाने वाढणारी हीच, एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, इथे पुढच्या सोमवारची अपॉइंटमेंट चालत नाही. आणि गाठ नक्की कसली ते कळायच्या आधी कोणी स्टिरॉइड देऊ नये, त्याने गाठ तात्पुरती विरघळते आणि तपासायला काढलेल्या तुकड्यात काही सापडत नाही.

मुलींच्या ओव्हरीतल्या, माकडहाडापाशी असलेल्या गाठी, ज्यात चरबी, चुना, कधी चक्क दात दिसतात, त्या जर्म सेलच्या, म्हणजे बीजपेशींच्या, तिथे रक्तात एएफपीसोबत बीटा एचसीजीही बघायचा. लघवीच्या पिशवीतून द्राक्षांच्या घोसासारखं काही वाढत असेल तर ती आणखी वेगळी जात, तिला एमआरआय चांगला.

आता थांबा, आणि फोन करा

सोनोग्राफीत भरीव गाठ पक्की झाली की बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी जवळच्या सेंटरला सीटी होतो. हेतू चांगला असतो, पण पुढे मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेल्यावर काय होतं ते मी अनेकदा बघितलंय: छातीचा भाग घेतलेलाच नाही, शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध (फोटोत अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते) न टाकता प्लेन केलाय, किंवा उलट प्लेन, मग एक फेज (औषध टाकल्यावर ठरावीक वेळी काढलेले फोटो), मग दुसरी, मग तिसरी असं सगळं केलंय, पोरगं मध्येच हललंय, सीडी नाही, फक्त चार फिल्म, आणि शेवटी पुन्हा सीटी. पैसे गेले, आठवडा गेला, रेडिएशन दुप्पट, भूल दुप्पट.

म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आधी मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर गाठा. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आणि तिथून जवळच वाडिया हे मुलांचं हॉस्पिटल, टाटाचंच खारघरला अॅक्ट्रेक, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक, संभाजीनगर अशा शहरांतही मुलांच्या कॅन्सरचा किंवा मुलांच्या सर्जरीचा विभाग असलेली हॉस्पिटलं सापडतात. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना सांगा की तुम्हीच फोन लावा आणि विचारा, स्कॅन इथे करून आणू की तिकडेच. बऱ्याचदा उत्तर येतं, तसेच या. कधी उत्तर येतं, करून आणा पण असा असा करा, मग तो निरोप कागदावर लिहून घ्या आणि सेंटरला दाखवा. अपवाद एकच, पोराची तब्येत बिघडत असेल तर जे जवळ आहे तिथे.

सीटी करायचा ठरला तर

बालवयातल्या पोटाच्या गाठीला साधारणपणे औषध टाकून एकच फेज पुरते. आधी प्लेन, मग बाकीचे हा मोठ्या माणसांचा रिवाज, प्रत्येक फेजला पुन्हा तेवढंच रेडिएशन. लिव्हरच्या गाठीत कधी दोन फेज लागतात, ते रेडिओलॉजिस्ट ठरवतील. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिलीसिव्हर्ट रेडिएशन मिळतं, लहान मुलाचा नीट सेटिंग लावून केलेला पोटाचा सीटी ढोबळमानाने एकदोन वर्षांच्या तेवढ्या डोसच्या आसपास बसतो, मोठ्या माणसाचं सेटिंग तसंच ठेवलं तर कितीतरी जास्त. म्हणून काउंटरवर विचारा, मुलांचा प्रोटोकॉल आहे का, वजन बघून डोस कमी करता का. २००८ पासून जगभर इमेज जेंटली नावाची मोहीम याच साठी चालू आहे, रेडिओलॉजीतल्या माणसाला हे शब्द माहीत असतात, त्यामुळे तुम्ही विचारलं तर समोरचा थोडा सरळ बसतो. पण खरंच गरज असलेला सीटी रेडिएशनच्या भीतीने टाळणं हाही वेडेपणा आहे, गाठ कळली नाही तर त्याचा धोका शेकडो पट मोठा.

छाती सोबतच घ्यायची का ते आधी ठरवून घ्या. आणि पूर्ण भूल देणार असतील तर छातीचे फोटो शक्य तितके आधी किंवा भूल न देता व्हावेत हे बघा, कारण भुलेत फुफ्फुसाचा मागचा भाग दबतो आणि मग बारीक ठिपके लपतात किंवा नसलेले दिसतात. विल्म्समध्ये एका ठिपक्याने स्टेज बदलते, त्यात आपल्याकडे जुन्या टीबीचे डागही असतात, त्यामुळे हे क्षुल्लक नाही. आताची मशीनं इतकी फास्ट आहेत की प्रत्यक्ष फोटो काही सेकंदांत होतो, दोन-तीन वर्षांचं समजूतदार पोरगं आईचा आवाज ऐकत पडून राहतं, तान्हं बाळ पाजून गुंडाळलं की झोपतं, भूल दरवेळी लागतेच असं नाही.

आदल्या दिवशी क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते सांगणारी रक्ततपासणी) करून ठेवा, रिपोर्ट सोबत घ्या. दमा आहे का, पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं का हे न विचारता सांगा. सुई वॉर्डातच लावून आणली तर बरं, सीटीच्या टेबलावर लावली की पोरगं तिथून पुढे शांत होणं कठीण. औषध जाताना अंगात गरम वाटतं, तोंडाला विचित्र चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे ते दचकून हलणार नाही. नंतर पाणी भरपूर, अंगावरचं दूध लगेच चालू.

आता दागिने. करदोटा, वाळे, मनगट्या, कानातले डूल, गळ्यातला ताईत, पोटाला बांधलेली चांदीची पेटी, हे घरीच काढून या. करदोटा नेमका पोटावर येतो आणि फोटोत पांढरे पट्टे मारतो, आणि सेंटरवर आजी "तो काढायचा नाही" म्हणून अडून बसली की अर्धा तास जातो, हा संवाद घरी उरकून घ्या. नुसता काळा दोरा चालतो, त्यात ओवलेलं धातूचं काही चालत नाही. चेन असलेली पँट नको, बटणाऐवजी नाडीची घाला. आत थांबणारी आई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल तर बाबांनी थांबायचं.

एमआरआय

किडनीची गाठ, लिव्हरची गाठ, मणक्यात शिरलेला न्यूरोब्लास्टोमा, ओटीपोटातली गाठ, यांना एमआरआय छान, रेडिएशन नाही, आणि दोन्ही किडन्यांतल्या बारीक गाठी त्यात जास्त चांगल्या दिसतात. अडचण एकच पण मोठी, अर्धा ते एक तास स्तब्ध पडायचं आणि मशीन ठाकठाक आवाज करतं. साधारण सहा-सात वर्षांच्या आत झोपेचं औषध किंवा भूल लागतेच. अगदी लहान बाळांना आधी जागं ठेवून, पोटभर पाजून, चादरीत घट्ट गुंडाळून झोपेतच स्कॅन करतात, ते जमलं तर सर्वात उत्तम.

भुलेसाठी उपाशी ठेवायचा हिशोब हा आहे: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, अंगावरचं दूध चार तास, वरचं दूध, पावडरचं दूध, बिस्किट, खिचडी सहा तास. हे आजी-आजोबांनाही समजावा, कारण "बिचाऱ्याने सकाळपासून काही खाल्लं नाही" म्हणून कोणीतरी हळूच एक बिस्किट देतं, आणि मग भूलतज्ज्ञ केस कॅन्सल करतात, योग्यच करतात, ते बिस्किट उलटीतून फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. उलट रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद ठेवायचीही गरज नाही, पोरगं कोरडं पडतं, सुई लागत नाही. फक्त झोपेच्या सिरपवर काम होणार असेल तर आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि रिक्षात झोपू देऊ नका. सिरप घरून पाजून आणायचं नाही, ते तिथेच, ऑक्सिजन मोजायची क्लिप बोटाला लावून.

आत जाणाऱ्या माणसाने मंगळसूत्र, साडीची पिन, केसातल्या पिना, मोबाईल, चाव्या, एटीएम कार्ड सगळं बाहेर ठेवायचं. बारीक सेफ्टी पिनसुद्धा चुंबकाकडे उडते. पोराच्या शरीरात शंट (डोक्यातलं पाणी काढायची नळी), क्लिप, कानाचं इम्प्लांट काही असेल तर त्याचं कार्ड आणा.

एमआयबीजी आणि पेट

न्यूरोब्लास्टोमाची शंका असेल तर एमआयबीजी स्कॅन येतो, यात गाठ धरते असं किरणोत्सारी औषध देऊन फोटो काढतात. पहिल्या दिवशी शिरेतून औषध, फोटो दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्याही दिवशी, म्हणजे राहायची सोय करूनच जा. थायरॉइड वाचवण्यासाठी आयोडिनचे थेंब आधीपासून सुरू करून पुढे काही दिवस द्यायचे असतात, ते चव घाण असते म्हणून अर्धे सांडतात, ज्यूसमध्ये मिसळून चालेल का विचारून घ्या. आणि सर्दीचं सिरप बंद. नाक मोकळं करणारी फेनिलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन ही औषधं आपल्याकडे घरोघरी सर्दीच्या बाटलीत असतात आणि ती या स्कॅनमध्ये गडबड करतात, बीपीची काही औषधंही करतात, तर चालू असलेल्या प्रत्येक बाटलीचा फोटो काढून न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांना, म्हणजे हे स्कॅन करणाऱ्या विभागाला, दाखवा. दहातल्या एखाद्या मुलाची गाठ हे औषध धरतच नाही, मग पेट स्कॅन, त्यात किरणोत्सारी साखर देऊन फोटो काढतात.

पेट लिम्फोमामध्ये नेहमीचा. चार ते सहा तास उपाशी, गोड काही नाही, ग्लुकोजचं सलाईन नाही, आणि पोराला उबदार ठेवा, स्वेटर-मोजे घाला, थंडी वाजली की लहान मुलांच्या मानेतली चरबी चमकते आणि रिपोर्टला गोंधळ होतो. या दोन्ही स्कॅननंतर गरोदर बाईने त्या दिवशी मुलाला कुशीत घेऊ नये, डायपर बदलताना ग्लोव्ह्ज घाला, किती वेळ ते तिथे सांगतात.

सुई टोचायची घाई नको

स्कॅन झाला की कोणीतरी म्हणतं, लगेच तुकडा काढून बघू. विल्म्समध्ये हे खास सांभाळायचं असतं. युरोपातली पद्धत अशी की वय आणि स्कॅन दोन्ही टिपिकल असतील तर तुकडा न काढताच चार आठवडे केमो, फुफ्फुसात गेला असेल तर सहा, आणि मग ऑपरेशन. अमेरिकेत शक्य असेल तिथे आधी ऑपरेशन, आणि तिथे आधी तुकडा काढला तर त्याने स्टेज वाढते. आपल्याकडे बरीच मोठी सेंटरं पहिल्या पद्धतीने जातात. तेव्हा बायोप्सी करायची का, कुठून, कुठल्या सुईने हे मुलांच्या कॅन्सरची टीम ठरवेल, तालुक्याच्या ठिकाणी कोणी चांगल्या मनाने करतो म्हणालं तरी नको म्हणा. न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोमा, लिव्हर यात तुकडा सहसा लागतो, तो सोनोग्राफीत बघत बघत घेतात.

फाईल, सीडी आणि पैसे

प्रत्येक स्कॅनची सीडी किंवा पेनड्राईव्ह मागाच, आणि डायकॉममध्ये, म्हणजे स्कॅनच्या मूळ फोटोंच्या फाईलींत, आहे ना हे विचारा. व्हॉट्सअॅपवर फिल्मचा फोटो पाठवून मत मागू नका, खिडकीला धरून काढलेल्या फोटोत मला पण काही दिसत नाही. सीडी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून बघून घ्या, कोऱ्या सीड्या भरपूर निघतात. एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात वर एक कागद: वजन, वय, कुठली तपासणी कधी, भूल दिली का, कुठल्या औषधाचा त्रास झाला का.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन पहिल्या दिवशीच त्याला भेटा, बाहेर रोखीने तपासण्या करून झाल्यावर नाही, कारण ते पैसे परत मिळतील या भरवशावर राहता येत नाही. टाटाला मुलांच्या विभागात समाजसेवक आहेत, इम्पॅक्ट फाउंडेशन तिथल्या मुलांच्या उपचारखर्चाचं बघतं, राहण्यासाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. जागा मिळेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय फुटपाथवर झोपू नका.

रिपोर्ट वाचताना "सजेस्टिव्ह ऑफ" म्हणजे तसं वाटतंय, "डीडी" म्हणजे शक्यतांची यादी, आणि यादीतलं तिसरं नाव गुगल करून त्यावर रात्र घालवणं हा आईबाबांचा आवडता छळ आहे. शेवटी "क्लिनिकल कोरिलेशन" लिहिलं म्हणजे आम्ही हात झटकले असं नाही, खरंच पोराला बघणाऱ्या डॉक्टरने जोडून बघायचं असतं.

केमो सुरू झाल्यावर पुन्हा स्कॅन होतो, शक्यतो पहिल्यासारखाच आणि त्याच ठिकाणी, म्हणजे मापं जुळवता येतात. पहिला एमआरआय असेल आणि दुसरा सीटी झाला तर तुलना लंगडी होते. गाठ थोडीच लहान झालेली दिसली तरी आतून मेलेली असू शकते, सेंटिमीटरकडे बघून लगेच निराश होऊ नका, डॉक्टरांना विचारा की आतली भरीव गाठ किती उरली. आणि उपचार संपल्यावर विल्म्सच्या मुलांची बरीचशी तपासणी पोटाच्या सोनोग्राफीवर आणि छातीच्या एक्स-रेवर चालते, तेव्हा दर भेटीला कोणी सीटी लिहून देत असेल तर का ते जरूर विचारा.